शेवटच्या भागातही खुनी हाती लागत नसेल, तर नऊ भाग वाचायचे कशाला?

रहस्यवेडी

आधीच सांगते, 'द एक्स्पान्स' मालिकेच्या नवव्या आणि शेवटच्या पुस्तकाचा शेवट या धाग्यात उघड केला आहे. ज्यांचं वाचून व्हायचंय त्यांनी इथूनच मागे फिरावं. नंतर माझ्या नावाने खडे फोडू नयेत.

मालिका माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. डॅनियल अब्राहम आणि टाय फ्रँक हे दोघं मिळून जेम्स एस. ए. कोरी या एकाच नावाने लिहितात. २०११ मध्ये 'लेव्हायथन वेक्स' आलं, २०२१ च्या नोव्हेंबरात 'लेव्हायथन फॉल्स'ने मालिका संपली. माणूस मंगळावर आणि लघुग्रहांच्या पट्ट्यात जाऊन राहिलाय, पृथ्वी, मंगळ आणि पट्टेवाले यांचं आपसात अजिबात पटत नाही, आणि अशात प्रोटोमॉलिक्यूल नावाची एक परकी बला माणसांच्या हाती लागते. प्राइमवर सहा सीझन आहेत, पण ते सहाव्या पुस्तकापाशी थांबतात. म्हणजे मी बोलतेय तो शेवट पडद्यावर आलेलाच नाही.

रविवारी आमच्या गंगापूर रोडच्या वाचनगटात यावरून एवढी जुंपली की शेवटी यजमानीणबाईंनी विषय बदलायला लावला. म्हणून इथे मांडतेय.

मी या मालिकेत शिरले ती मिलरच्या मागोमाग. लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या सीरीसवरच्या खाजगी पोलीस कंपनीतला डिटेक्टिव्ह. बायको सोडून गेलेली, बाटली जवळची, ऑफिसात कोणी मोजत नाही असा. ज्युली माओ ही बड्या उद्योगपतीची मुलगी बेपत्ता आहे, तिला शोधून गुपचूप घरी पाठव, एवढंच काम त्याला दिलंय. तो तिच्या खोलीत बसून तिचे निरोप वाचतो, ती जुजुत्सू शिकायची तिथे जाऊन चौकशी करतो, ती कोणत्या जहाजावर चढली ते खणून काढतो. वरून केस बंद करायचा हुकूम येतो, नोकरी जाते, तरी हा पठ्ठ्या थांबत नाही. शेवटी इरॉस या लघुग्रहावरच्या एका भिकार लॉजच्या बाथरूममध्ये, शॉवरपाशी, ती सापडते. मेलेली. आणि तिच्या अंगावर जे काही वाढलंय ते माणसाचं नाही. ते प्रकरण वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. रहस्यकथा असावी तर अशी.

पुढे रहस्य फुगत जातं. प्रोटोमॉलिक्यूल कोणी पाठवलं? एका अतिप्राचीन संस्कृतीने. ते कुठे गेले? मारले गेले. कोणी मारलं? हा प्रश्न तिसऱ्या पुस्तकात पडतो आणि नवव्यापर्यंत वाचकाला त्यावर टांगून ठेवलंय. आणि उत्तर काय मिळतं? दुसऱ्या कुठल्याशा विश्वातलं 'काहीतरी'. या संस्कृतीने वेगवेगळ्या सूर्यमाला जोडणारी दारं बांधली, त्याचा त्या 'काहीतरी'ला त्रास होतो, म्हणून ते मारतं. नाव नाही, चेहरा नाही, एक वाक्य संवाद नाही. मालिकेचा नायक, रोसिनान्टे जहाजाचा कप्तान होल्डन दारं बंद करतो आणि पुस्तक संपतं.

माझ्या मते ही वाचकाची फसवणूक आहे. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्सने रहस्यकथेसाठी दहा नियम घालून दिले होते. पहिलाच नियम असा की गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागात कुठेतरी येऊन गेलेला पाहिजे. दुसरा, दैवी किंवा अमानवी शक्तींना मज्जाव. नियम जुने आहेत म्हणाल, पण डिटेक्टिव्ह दाखवून तुम्ही मला आत बोलावलंत ना? मग हिशेबही त्याच वहीत द्या.

सिडकोवाला

सहा सीझन पाहून झालेत, पुस्तकाला हात लावलेला नाही. तरी सगळं वाचलं. आता शिव्या कोणाला घालू?

रहस्यवेडी

@सिडकोवाला, पहिला परिच्छेद तुझ्यासाठीच होता रे. आरशासमोर उभा राहा आणि घाल.

देवळालीकर

ताई, असहमत. आणि सविस्तर असहमत, तेव्हा चहा घेऊन बसा.

रहस्यकथेत तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: हेतू, पद्धत आणि संधी. या तिन्ही तुमच्या डोळ्यांसमोर मांडलेल्या आहेत, फक्त त्या एका प्रकरणात नसून पाच-सहा पुस्तकांत पसरल्या आहेत. तिसऱ्या पुस्तकात होल्डनला दारांच्या मधोमध असलेल्या त्या परक्या स्थानकात जे दिसतं ते आठवा. त्या संस्कृतीने आपल्याच सूर्यमालाच्या सूर्यमाला जाळल्या, एखादा रोग पसरू नये म्हणून घरं जाळावीत तशा, तरी मरण थांबलं नाही. चौथ्या पुस्तकात इलस या ग्रहावर एक जागा आहे जिथे प्रोटोमॉलिक्यूलची सगळी यंत्रणा आंधळी होते. मिलर तिथेच जातो. म्हणजे हत्यार दाखवलं. सहाव्यात दारातून जाणारी जहाजं गायब व्हायला लागतात आणि होल्डनची जोडीदार, इंजिनियर नाओमी आकडेवारी मांडून बसते. किती वस्तुमान, किती ऊर्जा, किती वेळात गेली की पुढचं जहाज गिळलं जातं, हे ती शोधून काढते. पट्ट्यातला बंडखोर मार्को इनारोस याचा अख्खा ताफा त्याच हिशेबाने नाहीसा होतो. ही पद्धत झाली. पुढे लॅकोनिया या नव्या साम्राज्याचं ते महाकाय जहाज आपलं अस्त्र चालवतं आणि माणसांची शुद्धच हरपते. हा हेतू झाला: तुम्ही दारं जितकी जोरात वापराल तितकं त्यांना दुखतं.

आता सांगा, कोणता पत्ता लपवला? आकडेमोड करणारी नाओमी ही मालिकेतली दुसरी डिटेक्टिव्ह आहे. मिलर सिगारेट-टोपीवाला होता म्हणून तो तुम्हाला दिसला, ही दिसली नाही.

पंचवटी_पासधारक

+१ देवळालीकर. नाओमीबद्दल तर शंभर टक्के.

रहस्यवेडी

@देवळालीकर, हेतू कळला, पद्धत कळली, संधी कळली. आरोपी? आपल्याकडे पोलीस ठाण्यात याला 'अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल' म्हणतात आणि पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात. त्यासाठी कोणी नऊ भागांची मालिका काढत नाही.

आणि आणखी एक. २०२० मध्ये या मालिकेला ह्यूगो मिळाला, 'सर्वोत्कृष्ट मालिका' म्हणून. तेव्हा शेवटचं पुस्तक आलेलंच नव्हतं. रहस्याचं उत्तर वाचायच्या आधीच बक्षीस देऊन मोकळे.

जुना_वाचक

मी झुंजार आणि काळापहाड वाचत वाढलेला माणूस. अर्नाळकरांची पुस्तकं आमच्या वेळी एका दिवसाच्या बोलीवर मिळायची, रात्रीत संपवून सकाळी परत. त्यामुळे नऊ भाग वगैरे ऐकूनच धाप लागते. तरी नातवाच्या आग्रहाखातर ही मालिका संपवली आहे, म्हणून चार शब्द.

विज्ञानकथा आणि रहस्यकथा एकत्र नांदू शकत नाहीत, असं जॉन कॅम्पबेल या संपादकाचं म्हणणं होतं. कारण सरळ आहे. डिटेक्टिव्ह अडला की लेखक त्याच्या खिशातून एखादं न ऐकलेलं यंत्र काढून देणार, मग वाचकाने डोकं कशाला चालवायचं? आसिमोव्हने ते आव्हान समजून 'द केव्ह्ज ऑफ स्टील' लिहिली, ती १९५४ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्याची युक्ती साधी होती. त्या जगाचे कायदे आधी वाचकाला नीट सांगायचे, यंत्रमानव काय करू शकतो आणि काय नाही ते पक्कं करायचं, आणि मग त्याच चौकटीत खून सोडवायचा. नवं काही ऐनवेळी आणायचं नाही.

त्या कसोटीवर बाईंचं म्हणणं मला पटतं. दारांपलीकडच्या विश्वाचे कायदे आपल्याला कोणी सांगितले? आपण त्यांच्या माराचे वळ मोजत बसलो, एवढंच.

अगाथा ख्रिस्तीचं उदाहरण घ्या. पॉयरोची शेवटची केस तिने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून कुलपात ठेवली होती, छापली १९७५ मध्ये. पुस्तक आलं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने पॉयरोच्या मृत्यूची बातमी पहिल्या पानावर दिली. शेवट हातात ठेवून लेखिका मधली वर्षं निवांत खेळत राहिली. तसा बंदोबस्त मला इथे जाणवला नाही.

ओझरकर

काका, नमस्कार. कारखान्यात विमानांवर आयुष्य काढलेल्या माणसाचं थोडं तांत्रिक बोलणं चालेल ना?

नियम सांगितले नाहीत म्हणता, पण पहिला पुरावा तर खऱ्या आकाशात ठेवलाय. प्रोटोमॉलिक्यूल सापडतो कुठे? शनीच्या फीबी या चंद्रावर. का फीबीच? कारण खरा फीबी शनीभोवती उलट्या दिशेने फिरतो. पिकरिंगने १८९९ मध्ये तो शोधला. तो शनीपाशी जन्मलेला नसून बाहेरून येताना पकडला गेला असावा, असं आजही मानतात. २००४ मध्ये कॅसिनी यान त्याच्या जवळून गेलं तेव्हाच्या फोटोंत तो नुसता खड्ड्यांनी भरलेला, काळपट गोळा दिसतो. लेखकांनी काय केलं? हा पाहुणा कोणीतरी मुद्दाम पृथ्वीच्या दिशेने धाडला होता आणि शनीने तो मध्येच झेलला, एवढं एकच वाक्य त्या वास्तवात घुसवलं. कोणाला पहिल्याच पुस्तकात फीबीची कक्षा उलटी का, हा प्रश्न पडला असता तर अर्धं उत्तर तिथेच होतं.

जहाजांचंही तेच. यान वेग वाढवत असताना वजन जाणवतं, इंजिन बंद केलं की सगळे तरंगतात, निम्म्या वाटेत यान उलटं फिरवून ब्रेक लावायचा. हे सगळं नऊही पुस्तकांत काटेकोर पाळलंय. 'एपस्टाइन ड्राइव्ह' या इंजिनाची एवढी मोठी थाप सोडली तर. तेवढी सूट मी देतो.

सिडकोवाला

मला तर वाटायचं ते फीबी वगैरे मनाने रचलेलं नाव असेल. बऱ्याच वर्षांपूर्वी शाळेतून तारांगणात नेलं होतं, त्र्यंबक रोडच्या. झोप लागली होती.

देवळालीकर

@जुना_वाचक, काका, आसिमोव्हची कसोटी मला मान्य आहे, पण ती खून सोडवण्यासाठी आहे. इथे गंमत वेगळीच आहे आणि ती या धाग्यात अजून कोणी काढली नाही.

बळी कोण होता? तुम्ही सगळे गृहीत धरताय की ती प्राचीन संस्कृती बळी आणि पलीकडचं 'काहीतरी' खुनी. जरा आठवा. या संस्कृतीने प्रोटोमॉलिक्यूल पृथ्वीकडे कशासाठी पाठवला होता? इथली जी काही जीवसृष्टी असेल ती वापरून, पिळून, तिचंच दार बनवण्यासाठी. शनी आडवा आला म्हणून आपण इथे धागे काढतोय. इरॉसवरच्या पंधरा लाख माणसांचं जे झालं तेच दोन अब्ज वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांचं व्हायचं होतं. आणि त्यांची ती दारं चालतात कशावर? दुसऱ्या कोणाच्या तरी विश्वावर. पलीकडचे कोणी हल्ला करायला आले नव्हते. त्यांच्या घराला कोणीतरी भोकं पाडत होतं, ते भोकं बुजवत होते.

नऊ पुस्तकं आपण ज्याच्या खुनाचा तपास करतो, तोच मुळात गुन्हेगार. फिर्यादीच आरोपी निघाला. रहस्यकथेला याहून मोठा उलगडा कोणता हवा?

आणि माणसांनी काय केलं? त्या आरोपीच्या मालमत्तेवर ताबा घेऊन तेराशेपेक्षा जास्त जगांत वसाहती टाकल्या.

रहस्यवेडी

हा मुद्दा तगडा आहे, नाही म्हणत नाही. पण मग लेखकांनी तो असा का नाही मांडला? शेवटच्या पुस्तकातली ती 'ड्रीमर'ची प्रकरणं वाचलीत ना? कारा ही मुलगी त्या गुरू ग्रहाएवढ्या हिरव्या हिऱ्यात बुडी मारते आणि आपल्याला बर्फाखालच्या समुद्रात प्रकाशाने बोलणारे जीव, त्यांचं एकमेकांत मिसळत जाणं, हे सगळं धुक्यातून दिसतं. प्रत्येक बुडी मी पुन्हा पुन्हा वाचली. तुमचा 'फिर्यादीच आरोपी' तिथून मला काढता आला नाही, तो तुमच्या प्रतिसादातून मिळाला. मिलरने टेबलावर पाय टाकून दोन वाक्यांत सांगितलं असतं.

पंचवटी_पासधारक

ताई, चिडू नका, पण मला वाटतं ही आपल्या वाचनाच्या सवयीची गोष्ट आहे.

मराठी विज्ञानकथा वाढली कुठे? दिवाळी अंकांत आणि स्पर्धांत. नारळीकरांची 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत पहिली आली, तीही त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवलेली. दहा-बारा पानांची जागा, त्यात एक कल्पना, आणि शेवटच्या रकान्यात चपराक. आपण सगळे त्यावर पोसलो. त्यामुळे शेवटचं पान उलटलं की उत्तर समोर ठेवलेलं पाहिजे असं आपल्याला वाटतं, आणि ते नसलं की फसवल्यासारखं होतं. पाचशे पानांच्या घरातली नऊ पुस्तकं हा प्रकार वेगळा आहे. तिथे उत्तर शेवटच्या पानावर नसतं, वाटेत सांडलेलं असतं. मी मुंबईला जाता-येता पंचवटी एक्सप्रेसमध्ये वाचत गेले. रोज थोडं थोडं. त्यामुळे मला शेवटाची घाई कधी झालीच नाही.

एक योगायोग सांगते. ९४ वं साहित्य संमेलन नाशकात झालं, ३ ते ५ डिसेंबर २०२१. अध्यक्ष नारळीकर. तब्येतीमुळे ते येऊ शकले नाहीत, पण विज्ञानकथा लिहिणारा माणूस संमेलनाचा अध्यक्ष झाला तो आपल्या गावात. आणि 'लेव्हायथन फॉल्स' बाजारात आलं ३० नोव्हेंबरला. आडगावला मांडव उभा राहत होता त्याच आठवड्यात.

रहस्यवेडी

@पंचवटी_पासधारक, नारळीकर काढलेच आहेत तर 'वामन परत न आला' घ्या. जमिनीत खोल पुरलेली पेटी सापडते, तिच्यातल्या माहितीवरून यंत्रमानव तयार होतो, आणि प्रश्न हाच की पेटी पुरणाऱ्यांचं काय झालं. तीच गोष्ट आहे की नाही? मेलेली संस्कृती, तिचं मागे राहिलेलं यंत्र, आणि ते चालू करून बसलेले आपण. नारळीकरांनी ते एका छोट्या कादंबरीत मांडलं, आणि तुम्हाला शेवटी कळतं. धुकं नाही. ते दिवाळी अंकाच्या सवयीने नाही, ते वाचकाबद्दलच्या आदराने.

मोठी मालिका म्हणजे उत्तर देणं माफ, हे मला कोणी पटवून द्यावं.

जुना_वाचक

बरोबर.

ओझरकर

काका, तुम्ही दोघं एकाच गटात आहात काय?

जुना_वाचक

मी कोणत्याच गटात नाही. सावानाचा, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकचा, सभासद आहे. १८४० पासून चालू असलेलं वाचनालय आहे ते, तिथे असल्या वादांची सवय असते.

अवसरला_फॅन_क्लब

इतके लोक बोलले आणि एकानेही क्रिसजेन अवसरला आज्जींचं नाव घेतलं नाही. साडी नेसून, पिस्ते खात, अख्ख्या सूर्यमालेला शिव्या घालणारी बाई. आठव्या पुस्तकाची सुरुवातच तिच्या अंत्यविधीने होते. माझ्यासाठी मालिका तिथे संपली. कोण कोणाचा खुनी, मला घेणंदेणं नाही.

सिडकोवाला

अरे यार. हे तरी मला नको होतं कळायला.

देवळालीकर

@रहस्यवेडी, मिलरने दोन वाक्यांत सांगितलं असतं म्हणालात ना? आता मिलरवरच येऊ. तुमचा मुख्य राग तिथे आहे असं मला वाटतं.

पहिल्या पुस्तकाच्या शेवटी मिलर मेला. इरॉस शुक्रावर आदळलं, तो ज्युलीपाशीच राहिला. दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तो होल्डनसमोर उभा. भूत? नाही. प्रोटोमॉलिक्यूलने त्याची प्रत बनवलीय. का? कारण त्याला त्याचे मालक सापडत नाहीत. पाठवलेल्या निरोपाला उत्तर येत नाही. हरवलेलं शोधायचं असेल तर कोण पाहिजे? ज्याच्या हाडीमासी शोधणं भिनलंय असा माणूस. चौथ्या पुस्तकात तर त्याच्या प्रकरणांचं शीर्षकच 'इन्व्हेस्टिगेटर' आहे. म्हणजे मेलेल्याच्या यंत्राने मेलेल्याच्या खुनाचा तपास करायला मेलेला डिटेक्टिव्ह नेमला. रहस्यकथेच्या इतिहासात इतकी वाकडी नेमणूक कुठे झाली असेल तर दाखवा.

नवव्या पुस्तकात होल्डन ते प्रोटोमॉलिक्यूल स्वतःच्या अंगात टोचून घेतो, मरणार हे माहीत असून, आणि मिलर परत येतो. लेखकांनी तुमच्या डिटेक्टिव्हला टाकलं नव्हतं. शेवटच्या कामासाठी राखून ठेवला होता. पहिल्या आणि शेवटच्या पुस्तकाच्या नावात लेव्हायथन आहे, बाकीच्या सात नावांत नाही. वर्तुळ पूर्ण करायचं त्यांच्या मनात होतं हे एवढ्यावरूनही दिसतं.

रहस्यवेडी

मिलर परत आला तेव्हा मी रडले, हे इथे लिहून टाकते. पण तो येऊन करतो काय? होल्डनला सोबत. तपास? शून्य. जो प्रश्न शोधण्यासाठी त्याला बनवला त्याचं उत्तर तो देत नाही. डिटेक्टिव्हला शेवटच्या प्रवेशात आणून नुसता जिवलग मित्र करून टाकलाय.

पंचवटी_पासधारक

पण ताई, तो पहिल्या पुस्तकात तरी काय करतो? ज्युली मेलेली सापडते तेव्हा केस संपली. पगार नाही, कंपनी नाही, अशील नाही. तरी तो इरॉसवर परत जातो आणि तिच्यासोबत राहतो. नवव्यात होल्डन तेच करतो. लॅकोनियाचा सर्वेसर्वा दुआर्ते म्हणतोय, सगळ्या माणसांची मनं एकत्र जोडतो, मग आपण पलीकडच्यांशी लढू शकू. कदाचित जिंकूही. होल्डन म्हणतो, नको, त्यापेक्षा दारंच मोडतो. हजारो जगं एकमेकांपासून कायमची तुटतात. मला तो निर्णय अजून पचलेला नाही, खरं सांगते. कित्येक वसाहती उपाशी मेल्या असतील. खुनी कोण यापेक्षा यावर भांडण व्हायला हवं होतं.

ओझरकर

हो ना. मी वाट बघत होतो कोणी तरी हे काढेल म्हणून.

तंत्रज्ञ म्हणून बोलतो. ज्या वसाहतीत बी-बियाणं, औषधं, यंत्रांचे सुटे भाग बाहेरून येतात तिचं दार अचानक बंद केलं तर पहिल्या वर्षी काय होईल? आमच्याकडे एक बेअरिंग वेळेत आलं नाही तर अख्खं काम अडायचं. होल्डनने सगळ्यांच्या वतीने परस्पर ठरवलं. पहिल्या पुस्तकात त्याने कोणालाही न विचारता एक संदेश सगळ्या सूर्यमालेत प्रसारित केला आणि युद्ध पेटलं. शेवटच्या पुस्तकात पुन्हा कोणालाही न विचारता. माणूस बदलला नाही.

देवळालीकर

विचारायला वेळ होता कुठे? माणसांची मनं एकमेकांत मिसळायला लागली होती. अर्ध्या तासात 'विचारणारे' उरलेच नसते.

ओझरकर

वेळ नव्हता हे प्रत्येक हुकूमशहा म्हणतो. दुआर्तेही तेच म्हणत होता.

पंचवटी_पासधारक

@ओझरकर, उपाशी वसाहतींचं काय झालं ते वाचायचं असेल तर 'द सिन्स ऑफ अवर फादर्स' ही छोटी कादंबरिका आहे. २०२२ च्या मार्चमध्ये आली, 'मेमरीज लीजन' या संग्रहात शेवटची. नाओमीचा मुलगा फिलिप एका तुटलेल्या वसाहतीत अडकलाय, आणि गाव हलवायचं की नाही यावरून तिथल्या लोकांत भांडण. काही दिग्विजय नाही, नुसती माणसं. माझ्या मते खरा शेवट तो आहे, नवव्या पुस्तकातला हजार वर्षांनंतरचा अ‍ॅमॉसवाला उपसंहार नाही.

रहस्यवेडी

बघा. म्हणजे नवव्या पुस्तकाला शेवट म्हणायचं आणि खरा शेवट वेगळा विकायचा. आणि कारा? तिची मूळ गोष्ट 'स्ट्रेंज डॉग्ज' या २०१७ च्या कादंबरिकेत. ती न वाचता नववं हातात घेतलं तर ती मुलगी कोण, तिला काय झालंय, याची चुटपुट लागते. पुरावा मूळ फायलीत नाही, वेगळ्या पाकिटात.

देवळालीकर

नाही हो. आठव्या पुस्तकात कारा आणि झॅन लॅकोनियाच्या प्रयोगशाळेत आहेत, कॉर्ताझार हा शास्त्रज्ञ त्यांच्यावर काय करतो तेही तिथेच आहे. कादंबरिका वाचली तर जास्त दुखतं, पण वाचली नाही म्हणून अडत नाही.

सिडकोवाला

सगळं कळलंच आहे तर वाचूनच टाकतो. सहा सीझन झालेत, थेट सातव्यापासून धरू का?

देवळालीकर

चालेल. सहाव्या आणि सातव्यात तीसेक वर्षांचं अंतर आहे, नवी सुरुवातच आहे ती. फक्त एक लक्षात ठेव, मालिकेत पाचव्या सीझनला मेलेला अ‍ॅलेक्स पुस्तकात जिवंत आहे आणि नवव्यापर्यंत रोसिनान्टे तोच चालवतो. पहिल्या प्रकरणात दचकू नकोस.

रहस्यवेडी

अजिबात चालणार नाही. पहिल्यापासून वाच. मिलरची प्रकरणं न वाचता नवव्यात मिलर भेटला तर तुला काहीच होणार नाही, आणि मग तू इथे येऊन म्हणशील की शेवट छान होता.

जुना_वाचक

पहिलं पुस्तक माझ्याकडे आहे. नातू पुण्याला गेलाय. पाने दुमडायची नाहीत एवढी अट.

सिडकोवाला

काका, शनिवारी येतो. पत्ता व्यनि करा.